शॉकच्या फॉर्मवर सही करण्याआधी: ईसीटी, आरटीएमएस आणि डीबीएससाठी संमती कशी द्यायची, कशी नाकारायची

माझ्या धाकट्या भावाला पहिल्यांदा ईसीटी, म्हणजे विजेचा शॉक, द्यायची ठरली, तेव्हा फॉर्म माझ्या हातात आला. चार पानं, सगळी इंग्रजीत, शेवटच्या पानावर पेनाने फुली मारलेली जागा. "ताई, इथे सही करा." भाऊ दोन हात अंतरावर बाकावर बसला होता, शर्टाच्या बाहीचं बटण लावत होता, काढत होता. तो बोलत होता. आई कधी येणार, आपण घरी कधी जाणार, असं विचारतही होता. ईसीटीबद्दल मात्र त्याला कोणी एक शब्द विचारला नाही, आणि मीही विचारला नाही. मी सही केली.

उपचाराचा त्याला उपयोग झाला, चांगला झाला. पण घरी परतल्यावर एका संध्याकाळी त्याने विचारलं, "ताई, माझ्या डोक्याला काय करणार आहेत, हे तुला तरी ठाऊक होतं का?" मला ठाऊक नव्हतं.

त्यानंतर मी मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ पहिल्या कलमापासून वाचला आणि पुढे ओळखीच्या बऱ्याच कुटुंबांसोबत अशा फॉर्मसमोर बसले. हा लेख त्यातूनच आला आहे. ईसीटी घ्यावी की घेऊ नये, हा सल्ला इथे नाही. तो तुमच्या मानसोपचारतज्ज्ञांशी बोलून ठरवायचा. इथे आहे ती त्या निर्णयाची वाट: कोणी काय सांगायचं, कोणी हो म्हणायचं, कायदा कुठे आडवा येतो आणि कुठे पाठीशी उभा राहतो.

आधी उपचाराचं नाव नीट समजून घ्या

"मशीनने ट्रीटमेंट देणार आहेत" एवढ्यावर थांबू नका. मेंदूला विजेने किंवा चुंबकाने उत्तेजन देण्याचे प्रकार बरेच आहेत आणि प्रत्येकाला कायदा वेगळ्या नजरेने बघतो. त्यामुळे डॉक्टरांना नाव कागदावर लिहून द्यायला सांगा.

ईसीटी म्हणजे लोक ज्याला शॉक म्हणतात ती. भूल दिलेल्या माणसाच्या डोक्यातून काही सेकंद वीज सोडून मेंदूत नियंत्रित फीट आणली जाते. १९३८ साली रोममध्ये उगो चेर्लेत्ती आणि लुचिओ बिनी यांनी ती पहिल्यांदा माणसावर वापरली. तीव्र नैराश्य, त्यात खाणंपिणं सुटणं, आत्महत्येचा मोठा धोका, कॅटाटोनिया म्हणजे माणूस दगडासारखा गोठून बसणं, यात ती आजही फार परिणामकारक मानतात. साधारण आठवड्यातून दोन-तीनदा, एकूण सहा ते बारा वेळा देतात.

आरटीएमएसमध्ये डोक्याजवळ कॉइल धरून चुंबकीय लहरी सोडतात. भूल नसते, माणूस जागा असतो, कानात बोळे घालून खुर्चीत बसतो आणि टकटक असा आवाज ऐकत राहतो. आठवड्याचे पाच दिवस, चार ते सहा आठवडे असा क्रम असतो. टीडीसीएसमध्ये कपाळावर ओले स्पंज लावून एक-दोन मिलीॲम्पिअरचा सौम्य प्रवाह वीस-तीस मिनिटं सोडतात. डीबीएस हे पूर्ण वेगळं प्रकरण: कवटीला भोक पाडून मेंदूत तारा बसवतात आणि छातीच्या कातडीखाली बॅटरी ठेवतात.

कायद्यात ईसीटीचं नाव घेऊन बंधनं घातली आहेत, मेंदूच्या शस्त्रक्रियेवरही घातली आहेत. आरटीएमएस आणि टीडीसीएससाठी वेगळं कलम नाही. म्हणून त्यांना संमती लागत नाही, असा अर्थ कोणी काढत असेल तर तो चुकीचा आहे. कोणत्याही उपचाराला लागते ती समजून दिलेली संमती त्यांनाही लागतेच.

निर्णय कोणाचा, हे फॉर्म हातात घेण्याआधी ठरवा

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो, म्हणून इथे जरा रेंगाळते.

आपल्याकडे घरच्यांनी सही करायची, हे इतकं अंगवळणी पडलंय की रुग्णाला विचारायचं राहूनच जातं. कायदा उलट टोकापासून सुरू होतो. कलम ४ म्हणतं की प्रत्येक माणसाकडे, मानसिक आजार असलेल्या माणसाकडेही, स्वतःच्या उपचाराचा निर्णय घेण्याची क्षमता आहे असं धरायचं. अट एवढीच की त्याला उपचाराची माहिती समजते, किंवा निर्णयाचे परिणाम उमगतात, किंवा आपला निर्णय बोलून, खुणेने, हावभावाने कळवता येतो. या तिन्हींमध्ये कायद्याने "किंवा" हा शब्द वापरला आहे. त्यावर तज्ज्ञांमध्ये वाद आहे, पण शब्द तोच आहे, आणि त्यामुळे पारडं रुग्णाच्या बाजूने झुकतं.

त्याच कलमात आणखी एक वाक्य आहे, ते मला पाठ झालंय: एखाद्याचा निर्णय इतरांना चुकीचा किंवा अयोग्य वाटला, एवढ्यावरून त्याच्याकडे निर्णयक्षमता नाही असं म्हणता येत नाही. "नाही म्हणतोय म्हणजे डोकं ठिकाणावर नाही" हे वाक्य तुम्ही वॉर्डाच्या व्हरांड्यात ऐकाल. त्याला उत्तर म्हणून हे कलम लक्षात ठेवा. आजाराचं नाव कितीही मोठं असलं, स्किझोफ्रेनिया असो की बायपोलर, नुसत्या निदानावरून क्षमता संपत नाही.

शिवाय क्षमता ही कायमची असते-नसते अशी गोष्ट नाही. सकाळी गुंगीत असलेला माणूस दुपारी नीट बोलतो. घर विकायचा निर्णय त्याला झेपत नसेल, पण "मला भूल देऊन शॉक देणार का" हे त्याला कळू शकतं. त्यामुळे डॉक्टरांना थेट विचारा: "या उपचारापुरती त्यांची निर्णयक्षमता तपासली का? कधी? केस पेपरवर नोंद आहे का?" आवाज चढवायची गरज नाही. हा प्रश्न ऐकल्यावर बहुतेक डॉक्टर खुर्ची ओढून रुग्णासमोर बसतात, आणि तेच हवं असतं.

क्षमता असेल तर निर्णय रुग्णाचा. स्वतःहून दाखल झालेल्या माणसाला त्याच्या समजून दिलेल्या संमतीशिवाय उपचार देता येत नाहीत, असं कलम ८६ स्पष्ट सांगतं. आईची, नवऱ्याची, मोठ्या भावाची सही त्याच्या सहीची जागा घेऊ शकत नाही. घरच्यांनी साक्षीदार म्हणून सही करायला हरकत नाही. फॉर्मवर कोणत्या रकान्यात सही करताय ते मात्र पाहून करा.

माहिती रुग्णाच्या भाषेत, त्याच्यासमोर

कायद्यातली संमतीची व्याख्या लांब आहे, पण तिचा गाभा सोपा आहे. संमती ठरावीक उपचारासाठी असते. ती बळजबरी, दडपण, फसवणूक, धमकी किंवा गैरसमज यांतून घेतलेली नसावी. आणि त्याआधी त्या उपचाराचे फायदे, धोके आणि दुसरे पर्याय हे सगळं रुग्णाला समजेल अशा भाषेत आणि अशा रीतीने सांगितलेलं असावं. माझ्या भावाच्या वेळी यातलं काहीच झालं नाही. फॉर्म इंग्रजीत होता आणि भाऊ बाकावर होता.

मराठीत फॉर्म नसेल तर डॉक्टरांनी किंवा नर्सने मराठीत वाचून दाखवावा आणि तसं फॉर्मवर लिहावं, एवढं मागणं अवाजवी नाही. कायदा तर खुणांची भाषा आणि चित्रं वापरायलाही सांगतो. रुग्ण त्या वेळी ऐकण्याच्या स्थितीत नसेल तर नंतर, भानावर येताच, त्याला सगळं सांगण्याची जबाबदारी डॉक्टरांवर राहते. तेव्हा प्रतिनिधीला, म्हणजे रुग्णाच्या वतीने बोलणाऱ्या नेमलेल्या माणसाला, सांगितलं म्हणजे रुग्णाला सांगायचं राहिलं तरी चालेल, असं नाही.

काय विचारायचं? माझ्या वहीत हे प्रश्न आहेत:

- हाच उपचार का? आधी कोणती औषधं, किती आठवडे, किती मात्रेत देऊन झाली?
- हा नाही घेतला तर काय होऊ शकतं? दुसरा पर्याय कोणता?
- एकूण किती वेळा द्यायचा अंदाज आहे? फरक पडतोय की नाही, हे कितव्या खेपेनंतर ठरवणार?
- स्मरणशक्तीवर काय परिणाम होईल?
- उपचार संपल्यावर पुढे काय?

चौथ्या प्रश्नाचं उत्तर "काही होत नाही" असं आलं तर पुन्हा विचारा. ईसीटीनंतर थोडा वेळ गोंधळल्यासारखं होणं, डोकं, जबडा आणि अंग दुखणं, मळमळणं हे नेहमीचं आहे. नवीन गोष्टी लक्षात ठेवायला होणारा त्रास सहसा काही आठवड्यांत जातो. पण उपचाराच्या आगेमागच्या काळातल्या आठवणी पुसट होऊ शकतात, काहींच्या त्याहून मागच्याही, आणि त्यातल्या काही परत येत नाहीत. माझ्या भावाला त्या वर्षीची दिवाळी आठवत नाही. फोटो दाखवले की तो बघतो आणि हसतो, पण आठवत नाही. त्याला आधी सांगितलं असतं तर त्याने नकार दिला असता का, हे मी सांगू शकत नाही. सांगायला हवं होतं, एवढं नक्की.

भीतीही वास्तवाला धरून असावी, म्हणून दुसरी बाजूही सांगते. भूल देऊन, तपासण्या करून दिलेल्या ईसीटीत मृत्यूचं प्रमाण दर लाख उपचारांमागे साधारण दोन इतकं कमी आहे. मेंदू जाळणं, माणूस कायमचा मंद होणं, या पडद्यावरून मनात बसलेल्या कल्पना आहेत.

आरटीएमएसमध्ये मुख्य धोका फीट येण्याचा, तोही दुर्मिळ. पण डोक्यात किंवा आसपास धातूची क्लिप, कानातलं कॉक्लिअर इम्प्लांट, छातीत पेसमेकर असेल तर आधी सांगितलंच पाहिजे. पाचव्या प्रश्नाला कमी लेखू नका. ईसीटीने बरं वाटल्यावर औषधं बंद केली तर बहुतेकांचा आजार सहा महिन्यांच्या आत उलटतो. हे ठाऊक नसताना दिलेली संमती अर्धवट माहितीवर दिलेली असते.

फॉर्म वाचताना

उपचाराचं नाव लिहिलेलं आहे का ते बघा. "आवश्यक ते सर्व उपचार" अशा मोघम शब्दांवर सही करू नका. सुप्रीम कोर्टाने २००८ च्या एका निकालात सांगितलंय की एका तपासणीसाठी घेतलेली संमती दुसऱ्या शस्त्रक्रियेसाठी वापरता येत नाही. जीव वाचवण्यासाठी थांबणंच शक्य नसेल तेवढाच अपवाद. ईसीटीच्या फॉर्मवर किती खेपांसाठी संमती आहे ते लिहिलेलं असावं, आणि भुलीसाठी वेगळी संमती असावी. कोरी जागा असेल तर तिथे आडवी रेघ मारा. तारीख आणि वेळ स्वतःच्या हाताने घाला. सही झाल्यावर फॉर्मचा फोटो काढा किंवा झेरॉक्स मागा. आपले वैद्यकीय कागद पाहण्याचा हक्क कलम २५ ने दिला आहे.

आणि सही करायला वेळ मागा. "उद्या सकाळी सांगतो" हे उत्तर पूर्णपणे चालतं.

भूल नसेल तर उपचारच नाही

१९५४ साली लंडनमधल्या एका इस्पितळात एका रुग्णाला स्नायू सैल करणारं औषध न देता ईसीटी दिली गेली. फीटचे झटके इतके जोरात बसले की त्याच्या खुब्याच्या दोन्ही खोबण्या मोडल्या. हाड मोडू शकतं, हे त्याला आधी सांगितलंही नव्हतं. १९५७ मध्ये तो खटला हरला. त्या काळचे बरेच जबाबदार डॉक्टर औषध न देताच ईसीटी देत, धोकाही सांगत नसत, मग या डॉक्टरांना निष्काळजी कसं म्हणायचं, असा तो युक्तिवाद होता. त्या निकालातूनच जगभर गाजलेली, त्या रुग्णाच्याच नावाची बोलम कसोटी आली: जबाबदार डॉक्टरांची रूढ पद्धत पाळली असेल तर तो निष्काळजीपणा नाही, आणि २००५ मध्ये आपल्या सुप्रीम कोर्टानेही वैद्यकीय निष्काळजीपणासाठी ती मान्य केली.

हे इथे सांगायचं कारण असं की ईसीटीच्या बाबतीत आज भारतात हा बचाव उरलेला नाही. कलम ९५ नुसार भूल आणि स्नायू सैल करणारं औषध यांच्याशिवाय ईसीटी देण्यावर सरळ बंदी आहे. रुग्णाने हो म्हटलं, घरच्यांनी हो म्हटलं, तरी बंदी उठत नाही. "आमच्याकडे पूर्वीपासून असंच देतात" हे उत्तर चालत नाही.

म्हणून विचारा: भूलतज्ज्ञ कोण आहेत, त्या वेळी खोलीत असतील ना? नीट चाललेली ईसीटी दिसते कशी, तेही माहीत असावं. रुग्ण रात्रीपासून उपाशी असतो. हाताला सलाइनची सुई, बोटाला ऑक्सिजन मोजणारा चिमटा, छातीला ईसीजीच्या पट्ट्या. एका पायाच्या घोट्याच्या वर ब्लड प्रेशरचा पट्टा घट्ट फुगवतात, म्हणजे सैल करणारं औषध त्या पावलात पोचत नाही. मग दातांत रबरी गार्ड, तोंडावर ऑक्सिजनचा मास्क. बाकी शरीर शांत पडलेलं असतं आणि तेवढं एक पाऊल थरथरतं; ते थांबलं की बाहेरून दिसणारी फीट संपली. साधारण अर्धा-एक मिनिट. मी दुसऱ्या एका रुग्णाच्या वेळी काचेतून ते पाऊल पाहिलं, आणि इतकी वर्षं मनात धरलेली भीती बरीच खाली बसली.

रुग्ण निर्णय घेऊ शकत नसेल तर

कधी खरंच घेऊ शकत नाही. दहा दिवस तोंडात घास न घेतलेला, डोळे उघडे पण हाकेला ओ न देणारा माणूस मीही पाहिलाय. अशा वेळी कलम ८९ खाली आधाराने दाखल करता येतं. त्यासाठी नामनिर्देशित प्रतिनिधीने अर्ज करावा लागतो, आणि दोन जणांनी रुग्णाला स्वतंत्रपणे तपासावं लागतं. त्यातला एक मानसोपचारतज्ज्ञ हवा. ही मुदत जास्तीत जास्त तीस दिवसांची. रुग्णाला निर्णय घ्यायला जवळपास शंभर टक्के आधार लागत असेल, तर प्रतिनिधी त्याच्या वतीने तात्पुरती संमती देऊ शकतो. डॉक्टरांनी ती संमती केस पेपरवर लिहायची आणि दर सात दिवसांनी रुग्णाची क्षमता पुन्हा तपासायची.

"तात्पुरती" या शब्दावर बोट ठेवा. चौथ्या ईसीटीनंतर माणूस बोलायला लागला, तर पाचवी द्यायची का हे आता त्यालाच विचारायचं. तुम्ही आधी बारा खेपांना हो म्हटलेलं असलं तरीही. हे बहुतेक ठिकाणी विसरलं जातं, कारण उपयोग होतोय म्हणून सगळे खूश असतात. प्रतिनिधीने स्वतः आठवण करून द्यावी.

अशा भरतीची खबर इस्पितळाने मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाला सात दिवसांत द्यायची असते. रुग्ण स्त्री किंवा अल्पवयीन असेल तर तीन दिवसांत. ती दिली का, हे विचारायला लाजू नका.

प्रतिनिधी कोण, हा प्रश्न घराघरांत भांडणाचा होतो. रक्ताचंच नातं हवं असा नियम नाही. सज्ञान आणि कर्तव्य पार पाडायला समर्थ अशा कोणालाही, मैत्रिणीलासुद्धा, साध्या कागदावर लिहून सही किंवा अंगठा देऊन नेमता येतं. फक्त त्या व्यक्तीची लेखी तयारी हवी. कोणाला नेमलंच नसेल तर नातेवाईक, मग काळजी घेणारी व्यक्ती, मग मंडळ ठरवेल ती, असा क्रम लागतो. आणि प्रतिनिधी झालात तरी निर्णय तुमच्या सोयीचा घ्यायचा नसतो. रुग्णाची आत्ताची आणि पूर्वीची इच्छा, त्याचं आयुष्य, त्याची मूल्यं लक्षात घ्या, असं कलम १७ बजावतं.

"इमर्जन्सी आहे, लगेच सही करा"

हे वाक्य ऐकलं की हातपाय गळतात. म्हणून हे शांतपणी वाचून ठेवा: आणीबाणीतल्या उपचारांचं कलम ९४ आहे आणि त्यातच लिहिलंय की या कलमाखाली ईसीटी देता येणार नाही. आणीबाणीत डॉक्टर औषधं देऊ शकतात, इंजेक्शन देऊ शकतात, जीव वाचवायला जे लागेल ते करू शकतात, तेही जास्तीत जास्त ७२ तासांपर्यंत. ईसीटी त्यात बसत नाही.

याचा अर्थ गंभीर रुग्णाला ईसीटीसाठी ताटकळत ठेवायचं असा नाही. आत्ता सांगितलेल्या कलम ८९ च्या वाटेने, दोन तपासण्या आणि प्रतिनिधीची संमती घेऊन, काम लवकर होऊ शकतं. फक्त ती वाट चुकवून, गेटवर आणलेल्या माणसाला थेट मशीनच्या खोलीत नेता येत नाही.

अठरा वर्षांखालील मुलं

नियम बंदीचा आहे. मुलावर उपचार करणाऱ्या मानसोपचारतज्ज्ञांना ईसीटी आवश्यकच वाटली तर पालकांची संमती आणि मंडळाची आधी मिळालेली परवानगी, दोन्ही हवं. परवानगी नंतर आणतो, असं चालत नाही. मुलगी सतरा वर्षांची असेल तर कायद्याने सही पालकांची. पण तिला काय होणार आहे हे तिला सांगा. तिचं डोकं आहे.

मेंदूत तारा बसवायच्या असतील तर

मानसिक आजारासाठी मेंदूवर शस्त्रक्रिया करण्याचा इतिहास दुखरा आहे. पोर्तुगालच्या एगास मोनिझ यांनी १९३५ मध्ये ल्यूकोटॉमी सुरू केली, १९४९ मध्ये त्यांना नोबेल मिळालं, आणि त्याच पद्धतीच्या शस्त्रक्रियांनी हजारो माणसं आयुष्यातून उठली, त्यातल्या अनेकांना कोणी विचारलंही नव्हतं. कलम ९६ मागे ही आठवण आहे असं मला वाटतं. मानसिक आजारावरची मेंदूची शस्त्रक्रिया रुग्णाच्या स्वतःच्या समजून दिलेल्या संमतीशिवाय आणि मंडळाच्या मंजुरीशिवाय करता येत नाही. इथे प्रतिनिधीच्या सहीची सोय कायद्याने ठेवलेली नाही. शब्द आहेत ते "ज्याच्यावर शस्त्रक्रिया होणार त्या व्यक्तीची संमती" असे.

डीबीएस हट्टी ओसीडीसाठी (त्याच त्याच विचारांत आणि कृतींत अडकवणारा आजार) किंवा नैराश्यासाठी सुचवली असेल, तर ती याच कलमाखाली येते असं धरूनच चाला आणि मंडळाच्या मंजुरीचा कागद मागा. रक्तस्राव, जंतुसंसर्ग, तार हलणं, बॅटरी बदलायला पुन्हा शस्त्रक्रिया, हे सगळं आधी बोलून घ्या. कंपवातासाठी होणारी डीबीएस हा मेंदूच्या आजाराचा उपचार आहे, त्याला हे कलम लागत नाही.

कोणी "हा उपचार आम्ही संशोधनात मोफत देतोय" म्हटलं, तर वेगळं माहितीपत्रक आणि वेगळी संमती लागते. मधेच बाहेर पडलात तरी तुमचे नेहमीचे उपचार थांबवता येत नाहीत, हे लेखी घ्या.

संमती मागे घेणं

तिसऱ्या खेपेला नको वाटलं तर नको म्हणता येतं. शक्यतो लेखी द्या: तारीख, उपचाराचं नाव, "यापुढे मला हा उपचार नको" एवढंच पुरे. कारण सांगायची सक्ती नाही, पण डॉक्टरांशी बोललात तर बरं. कधी त्रास इलेक्ट्रोडची जागा किंवा दोन खेपांमधलं अंतर बदलूनही कमी होतो.

बरं असताना लिहून ठेवा

सगळ्या पायऱ्यांत मला सगळ्यात मोलाची वाटते ती ही, आणि तीच सगळ्यात कमी लोक करतात. कलम ५ प्रत्येक सज्ञान माणसाला आगाऊ निर्देश लिहायचा हक्क देतं. इस्पितळात याला ॲडव्हान्स डायरेक्टिव्ह म्हणतात. मला आजाराने गाठलं आणि निर्णय घेता आला नाही, तर माझ्यावर कसे उपचार करावेत, कसे करू नयेत, आणि माझा प्रतिनिधी कोण, हे त्यात लिहायचं. ठरलेला नमुना आहे, दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात, आणि मंडळाकडे नोंद करायला पैसे पडत नाहीत. पुढे मन बदललं तर निर्देशही बदलता येतो.

मोघम लिहू नका. "मला शॉक नको" इतकंच लिहिलं तर तुम्ही खाणंपिणं सोडलेल्या दिवशी तुमच्या प्रतिनिधीला रात्रभर झोप लागणार नाही. भावाने त्याचा निर्देश मागच्या वर्षी लिहिला. त्यातल्या ओळी त्याच्या परवानगीने देते: "औषधांनी फरक पडत असेल तर ईसीटी देऊ नये. मी पाणीही घेत नसेन किंवा जिवाला धोका असेल तर द्यावी, पण एका वेळी चार खेपांचीच संमती धरावी, आणि मी बोलायला लागलो की पुढचं मला विचारावं. ताईने सही करण्याआधी मला वाचून दाखवावं."

आगाऊ निर्देश आणीबाणीतल्या उपचारांना लागू होत नाही. पण आणीबाणीत ईसीटीच देता येत नसल्यामुळे, ईसीटीबद्दल लिहिलेलं त्या वाटेने डावलता येत नाही. डॉक्टरांना किंवा नातेवाइकांना निर्देश पाळायचा नसेल तर त्यांनी मंडळाकडे अर्ज करायचा. परस्पर बाजूला सारायचा नाही. तो डॉक्टरांच्या हातात पडेल हे बघणं मात्र तुमचं आणि प्रतिनिधीचं काम. एक प्रत फाइलमध्ये, एक प्रतिनिधीकडे, एक फोनमध्ये.

काही चुकलं तर

आधी इस्पितळाच्या प्रभारी वैद्यकीय अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. समाधान झालं नाही तर मंडळ, त्यानंतर राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरण. मंडळाकडे अर्ज रुग्ण स्वतः करू शकतो, प्रतिनिधी करू शकतो, किंवा रुग्णाच्या संमतीने नोंदणीकृत संस्था करू शकते. शुल्क नाही. मंडळावर जिल्हा न्यायाधीश दर्जाची व्यक्ती अध्यक्ष असते, आणि डॉक्टरांसोबत मानसिक आजारातून गेलेले किंवा अशा माणसांची काळजी घेणारे किंवा त्यांच्यासाठी काम करणारेही असतात. कलम ८९ खालच्या भरतीला आव्हान दिलं तर सात दिवसांत निकाल द्यायचा असतो. मंडळाचा निर्णय पटला नाही तर तीस दिवसांत हायकोर्टात अपील करता येतं.

वकिलाचा खर्च परवडत नसेल तर कलम २७ खाली मोफत कायदेशीर मदत मिळते; राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाचा क्रमांक १५१०० आहे. रात्री-अपरात्री नुसतं बोलायला, पुढे काय करायचं ते विचारायला, टेलि-मानसचा १४४१६ आहे.

अर्ज लिहिताना राग बाजूला ठेवून तारीखवार लिहा: कधी दाखल झालात, कोणी काय सांगितलं, सही कोणी केली, कोणत्या भाषेतल्या फॉर्मवर, भूलतज्ज्ञ होते की नव्हते. फॉर्मचा फोटो जोडा. आणि शेवटी नेमकं काय हवंय ते एका ओळीत मागा: उपचार थांबवणं, पुन्हा क्षमता तपासणं, किंवा कागदांची प्रत.